सत्त्याण्णव टक्क्यांची खुर्ची

माझ्या दादाला कुठलीही नवी वस्तू दाखवली की तो आधी तिला हाताची मागची बाजू लावून बघायचा. दिवा असो, पंखा असो, माझ्या शिलाई मशीनची मोटर असो. मग कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "तापतेय." आपण म्हणावं, अरे मोटर आहे, तापणारच. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "तापायला नाही आणलीस तिला, शिवायला आणलीस." एकदा माझ्या एका बड्या गिऱ्हाइकाने नवा रेकॉर्ड प्लेअर दाखवायला आम्हा दोघांना हौसेने घरी बोलावलं. सगळे गाणं ऐकत होते आणि हा डोळे मिटून त्या पेटीच्या बुडाला हात लावून बसला होता. गाणं संपल्यावर म्हणाला, "निम्मी वीज गाण्याला जातेय, निम्मी तुमच्या टेबलाला." त्या गिऱ्हाइकाने पुढचे सहा कोट दुसऱ्याकडे शिवून घेतले.

मी शिंपी. रस्त्याच्या बाजूला माझं दुकान, मागे आमचं घर, मध्ये एक दार. त्या घरात मी, दादा आणि वहिनी असे तिघे राहायचो. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, पुढे ते राहूनच गेलं, पण तो विषय इथे नको. घरातली एकच वस्तू अशी होती की जिच्या तापण्याला दादाची हरकत नव्हती, ती म्हणजे माझी इस्त्री. दादाला जाऊन आता तीन वर्षं झाली, आणि अजून इस्त्री गरम केली की मला त्याचं तोंड आठवतं. "ही बघ," तो म्हणायचा, "प्रामाणिक वस्तू. शंभरातले शंभर."

दादा इन्व्हर्टर बनवायचा. असं सांगितलं की लोक म्हणायचे, "वा, म्हणजे दिवे गेल्यावर लागतो तो?" आणि दादाचं पित्त खवळायचं. तो बनवायचा ते मोटरीचे इन्व्हर्टर. गोदामात ओझी उचलणाऱ्या ज्या बॅटरीवरच्या गाड्या असतात, त्यांच्या कारखान्यात तो नोकरीला होता. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते आणि चांगल्या मोटरीला ती उलटसुलट फिरवून लागते. हे फिरवायचं काम इन्व्हर्टर करतो. आत बोटाच्या पेराएवढे सहा-बारा ट्रान्झिस्टर असतात, ते सेकंदाला हजारो वेळा उघडतात आणि मिटतात. दर उघडझापीला थोडी वीज वाया जाते, आणि ती वाया गेलेली वीज म्हणजेच ते तापणं. दादाचा सगळा जन्म ही थोडी वीज वाचवण्यात गेला. मला हे त्याने इतक्या वेळा समजावलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

लोक त्याला 'टक्के' म्हणायचे. कारखान्यातही आणि गल्लीतही. "टक्के आले का घरी?" असं दुकानात येऊन विचारायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर आवडायचंच.

वहिनी शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांना ताप आला, तो एकवीस दिवस उतरला नाही, आणि उतरला तेव्हा कमरेखालचं बळ घेऊन गेला. त्यांनी रडारड केली असेल तर ती आमच्यासमोर केली नाही. चार महिन्यांनी त्या चाकाच्या खुर्चीवर बसून परत शाळेत जायला लागल्या. दादाचा कारखाना सकाळी सातचा, त्यामुळे खुर्ची ढकलायचं काम माझ्याकडे आलं. शाळा तेव्हा आमच्या रस्त्याच्या टोकाला होती. सकाळी पोचवायचं, दुकान उघडायचं, संध्याकाळी दुकानाला कडी लावायची आणि घेऊन यायचं. असं सात वर्षं चाललं. वाटेत वहिनी मला जगातल्या नद्यांची नावं विचारायच्या आणि मी मुद्दाम चुकीची सांगायचो. गल्लीतली माणसं म्हणायची, "शिंपीदादा, यंदा पास होणार का?"

मग शाळेने टेकडीवर नवी इमारत बांधली. आमच्या घरापासून दोन किलोमीटर, त्यातला शेवटचा पाऊण किलोमीटर चढाचा. मी एका रविवारी खुर्ची वरपर्यंत ढकलून बघितली. वर पोचल्यावर वहिनी खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि मी बाकावर आडवा झालो होतो. एका बाईंनी येऊन विचारलं, "पेशंट कोण?"

शाळेच्या मोठ्या बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी सुट्टी लागायच्या दिवशी वहिनींना बोलावून सांगितलं, की सुट्टीनंतर पहिल्या दिवशी आठ वाजता तुम्ही वर येऊ शकलात तर वर्ग तुमचा. नाहीतर कचेरी खालच्या जुन्या इमारतीतच राहणार आहे, तिथे बसून दाखले लिहा, पगारात फरक पडणार नाही. त्यांना वाटलं आपण सोय केली. वहिनी घरी आल्या आणि दोन दिवस कोणाशी नीट बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "मी बाळंतपणातसुद्धा मरेन पण दाखले लिहिणार नाही." दादा म्हणाला, "अगं, बाळंतपण कुठून आलं मध्येच?" आणि तिघंही हसलो. हसता हसता वहिनींचे डोळे भरले ते मी पाहिलं, दादानेही पाहिलं.

त्याच जेवणात दादाने सांगून टाकलं. "सुट्टी सात आठवड्यांची आहे. मी तुला मोटरीची खुर्ची करून देतो. तू एकटी जाशील, एकटी येशील."

वहिनींनी ताट बाजूला केलं. "माझ्या दोन अटी आहेत. एक, बॅटरी मला स्वतःला उचलता आली पाहिजे. काढायला, लावायला कोणाला हाक मारायची नाही."

"बरं. मग छोटी बॅटरी बसवावी लागेल. दुसरी?"

"आवाज नको. दवाखान्यात ती एक मोटरीची खुर्ची होती ना, ती चूंऽऽ करत यायची आणि सगळे माना वळवायचे. मी वर्गात शिरले की पोरांनी आधी मला बघायला हवं, खुर्चीला नाही."

"आवाज येणार नाही," दादा म्हणाला. "शब्द देतो." दादा शब्दाच्या बाबतीत भलताच चिक्कू माणूस. लग्नातसुद्धा त्याने फारसे दिले नसतील.

त्याच्या कामात हे सोपं होतं. ती उघडझाप सेकंदाला पाच-सहा हजार वेळा केली तर मोटर बारीक किणकिणते, माणसाला ऐकू येतं. वीस हजारांच्या वर नेली तर आवाज माणसाच्या कानापलीकडे जातो. फक्त उघडझापी वाढल्या की वाया जाणारी वीज वाढते. म्हणून त्याने तारा आखूड केल्या, ट्रान्झिस्टर निवडून निवडून घेतले, तांब्याच्या पट्ट्या माझ्या कातरकामाच्या टेबलावर ठोकून ठोकून सपाट केल्या. माझ्या टेबलावर त्याचे खड्डे अजून आहेत. गिऱ्हाईक कापड पसरायला लागलं की मी तिथे हात ठेवतो.

किती वीज वाया जाते हे मोजायची त्याची रीत जगावेगळी होती. मीटरवर त्याचा विश्वास नव्हता. "आत शंभर गेले, बाहेर सत्त्याण्णव आले, असं दोन मीटर सांगतात," तो म्हणायचा, "पण दोन्ही मीटर एकेक टक्का खोटं बोलत असतील तर माझे तीन टक्के कुठे राहिले?" त्याने लाकडी खोक्याला आतून थर्माकोल लावला होता. इन्व्हर्टर त्यात ठेवायचा, मोटर बाहेर ठेवून पूर्ण ताकदीने चालवायची, आणि खोक्यातला पारा चढून स्थिर होईपर्यंत बसून राहायचं. मग इन्व्हर्टर काढून त्या जागी एक बल्ब ठेवायचा आणि पारा पुन्हा तिथेच येईपर्यंत बल्बची वीज हळूहळू वाढवायची. बल्बने जेवढी वीज घेतली तेवढीच इन्व्हर्टरने वाया घालवली. त्यात लबाडीला जागाच नाही. खोक्यापुढे तो तासन् तास मांडी घालून बसायचा आणि वहिनी मला खुणेने म्हणायच्या, "समाधी लागलीय."

पाचव्या आठवड्यात खोक्याने सांगितलं, सत्त्याण्णव. दादा उठून घरभर फिरला. त्याने मला दुकानातून गिऱ्हाइकासमोर ओढत नेलं आणि बल्ब दाखवला. मला काय कळणार, बल्ब होता. पण त्याचं तोंड बघून मलाही भरून आलं. वहिनींनी त्या दिवशी तीनदा चहा केला.

पुढच्या रविवारी आम्ही परीक्षा घेतली. वहिनी खुर्चीतून एकट्या निघाल्या, शाळेपर्यंत जायचं, आवारात दिवसभराइतकी फिरफिर करायची आणि यायचं. मी मागे पन्नास पावलांवर चालत होतो, कारण दादाने मला मागे राहायची आणि मदत न करायची शपथ घातली होती. तो स्वतः घरी थांबला. त्याचा जीव टांगणीला लागला होता आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

खुर्ची खरंच मुकी होती. चढावर माणसं आपापसात बोलत चालली होती आणि वहिनी त्यांच्या शेजारून निघून गेल्यावर त्यांना कळत होतं. पण परतीच्या वाटेवर, घर आणखी आठ-नऊशे पावलं राहिलेलं असताना, खुर्ची हळू झाली, आणखी हळू झाली आणि भर रस्त्यात थांबली. मी धावत गेलो. वहिनी समोर बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी, ढकला." एवढंच. मी ढकलत घरी आणलं. त्या दिवशी नद्या कोणी विचारल्या नाहीत.

दादा तीन दिवस कागदांवर वाकून होता. गणित बरोबर, खोकं बरोबर, बॅटरी नवी. चढाला किती वीज, सपाटीला किती वीज, सगळं जमत होतं. घरी यायलाच हवं होतं आणि ते आलं नव्हतं. त्याने खोकं पुन्हा लावलं. सत्त्याण्णव. तो बॅटरीवाल्याला शिव्या घालायला लागला, मग रस्त्याला, मग चाकांना. वहिनींसमोर जेवताना वर बघेनासा झाला.

चौथ्या दिवशी मी दुकानात एका म्हाताऱ्या वकिलाच्या विजारीचं माप घेत होतो. वकीलसाहेब छाती काढून उभे. मी म्हटलं, "साहेब, आता खुर्चीवर बसा." ते म्हणाले, "माप उभ्याने घेतात." मी म्हटलं, "घेतात, पण तुम्ही दिवसभर बसता. उभ्याचं माप घेतलं तर बसल्यावर शिवण उसवेल आणि तुम्ही मला कोर्टात खेचाल." ते बसले, मी टेप गुंडाळला, आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साहेबांना तसंच बसवून मी आत गेलो.

"दादा, तू त्या पेटीचं माप उभ्याने घेतलंस," मी म्हटलं.

"काय बरळतोयस?"

"पूर्ण ताकदीने चालवतोस ना खोक्यात? वहिनी पूर्ण ताकदीने जातात कधी? मी मागे होतो, मी पाहिलंय. दर वीस पावलांना थांबतात. भाजीवाल्याशी बोलतात, पोस्टमनशी बोलतात, जुनी विद्यार्थीण भेटली तर तिच्या मुलाचं नाव विचारतात. चढावर, अगदी मधोमध, मोठ्या बाईंच्या बहिणीशी पाव तास. दोन माणसं बरोबर चालायला लागली की त्यांच्या पावलाने चालतात. खुर्ची पळाली किती? अर्धा वेळसुद्धा नाही."

दादा माझ्यावर इतका भडकला की मला वाटलं आता टेबल उलटतोय. "तुला शिलाईतलं कळतं तेवढं बघ," म्हणाला. मी परत वकिलाकडे गेलो. दहा मिनिटांनी तो दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. "चढावर थांबते तेव्हा ब्रेक लावते का?" "कुठला ब्रेक?" मी म्हटलं, "तू लावलायस कुठे? खुर्ची आपसूक उभी राहते, तुला त्याचाच अभिमान होता ना." तो भिंतीला टेकला. "मोटर धरून ठेवते तिला," तो हळूच म्हणाला. "एक पाऊल न हलता बॅटरी खाते. पाव तास." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं त्याने ओझी उचलणाऱ्या गाड्यांचे इन्व्हर्टर केले. त्यांच्या मागणीच्या कागदावर लिहिलेली असते ती फक्त जास्तीत जास्त ताकद. गाडी गप्पा मारायला थांबते हे त्या धंद्यात कोणी कधी मोजलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते गल्ली अजून विसरलेली नाही. तो स्वतः वहिनींच्या खुर्चीत बसला, मांडीवर वही घेतली आणि निघाला, जिथे जिथे वहिनी थांबल्या होत्या तिथे तिथे तेवढाच वेळ थांबायला. मी बरोबर घड्याळ घेऊन. अडचण एवढीच की दादाला गप्पा मारता येत नसत. भाजीवाल्यापुढे थांबला आणि म्हणाला, "दोन मिनिटं थांबायचंय." भाजीवाला म्हणाला, "थांबा की." दोघं दोन मिनिटं एकमेकांकडे बघत राहिले. पोस्टमनला त्याने विचारलं, "पत्रं आहेत?" पोस्टमन म्हणाला, "तुमचं नाही." दादा म्हणाला, "नसू दे, अडीच मिनिटं आहेत अजून." चढावर मोठ्या बाईंची बहीण भेटली नाही, म्हणून पाव तास तिच्या जागी मी उभा राहिलो. आम्ही भाऊ इतका वेळ एकमेकांशी त्याआधी बोललो नव्हतो. आई गेली तेव्हाचं काहीतरी निघालं, आणि बोलता बोलता तो घड्याळ विसरला.

परत आल्यावर त्याने मला समजेल असं सांगितलं. "शंभर आत गेले आणि तीन वाया गेले, तर सत्त्याण्णव टक्के. पण ती हळू जाते तेव्हा दहाच आत जातात, आणि वाया जाणारे फारसे कमी होत नाहीत, दोन जातातच. दहातले दोन. मी जिथे मोजत होतो तिथे ती कधी नव्हतीच." सत्त्याण्णवचा आकडा त्याने त्यानंतर कधी उच्चारला नाही.

पुढे कारखान्यातही त्याने हाच धोशा लावला. गाडी किती उचलते ते मला नंतर सांगा, दिवसातून किती वेळ नुसती उभी असते ते आधी सांगा, असं तो साहेबांना विचारायचा आणि साहेब वैतागायचे. निवृत्त झाल्यावरही कारखान्यातली तरुण मंडळी त्याच्याकडे यायची. हायड्रोजनवर वीज करणाऱ्या पेट्या आल्या, तेव्हा एका मुलीने त्याला सांगितलं की काका, ही पेटी वीज देते पण गाडी थांबताना मोटर जी वीज परत पाठवते ती घेत नाही. दादा म्हणाला, "आमच्या हिच्या टोमण्यांसारखं आहे, दिला की दिला." वहिनी आतून म्हणाल्या, "मी ऐकलंय बरं." मग तो त्या मुलीला पाच तास सोडेना. तिला निघताना एकच सांगितलं, की कागद बघण्याआधी चालवणारा माणूस बघून ये.

पण तेव्हा शाळा सुरू व्हायला आठ दिवस उरले होते. चाकाला एक साधा ब्रेक बसवला, खुर्ची थांबली की तो आपोआप बसायचा आणि इन्व्हर्टर झोपी जायचा. त्याने बराच फरक पडला. तरी घर चारशे पावलं लांबच राहत होतं. ती चारशे पावलं मिळवायचा उपाय दादाला पहिल्या दिवसापासून माहीत होता. हळू जाताना उघडझाप वीस हजारांवरून सहा हजारांवर आणायची. फक्त मग खुर्चीला आवाज येणार होता. चार दिवस त्याने बाकी सगळं करून पाहिलं. चाकांची हवा, बेअरिंगचं तेल, खुर्चीवरची उशीसुद्धा तोलली. मी म्हटलं, "वहिनींना विचार ना." तो म्हणाला, "शब्द दिलाय." "अरे पण वर्ग जाईल." "शब्द दिलाय," तो पुन्हा म्हणाला, आणि मला त्याची दया आली आणि रागही आला. मी सरळ उठून स्वयंपाकघरात गेलो आणि वहिनींना सगळं सांगून मोकळा झालो. घरभेदी म्हणा हवं तर.

वहिनींनी हात पुसले. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, कसा आवाज येतो तो ऐकवा बघू."

दादा माझ्याकडे खाऊ का गिळू असं बघत होता. पण त्याने खुर्ची विटांवर चढवली, दोन तारा बदलल्या, चाकं हळू फिरवली. बारीक, लांबट आवाज आला. वहिनी मान तिरकी करून ऐकत राहिल्या. बराच वेळ.

"वाईट आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच—"

"ऐका तर. आवाज नको म्हटलं तेव्हा मला वाटत होतं, पोरांनी खुर्ची विसरावी. पण भावोजी मागे उभे असायचे तेव्हा कुठे विसरत होती? मला विचारायचं काही असलं तरी पोरं यांच्याकडे बघून विचारायची, बाईंना वेळ आहे का." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, "छे." वाटलं होतं. "दिलेला शब्द मी परत करते," त्या दादाला म्हणाल्या. "मला ती चारशे पावलं द्या."

शाळेच्या पहिल्या दिवशी सव्वासातला वहिनींनी बॅटरी मांडीवर घेऊन स्वतः बसवली, दप्तर मागे अडकवलं आणि दारातल्या फळीवरून रस्त्यावर उतरल्या. मागे वळून बघितलं नाही. दादाने त्या दिवशीही रजा टाकली होती. मी दुकान उघडलं आणि एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावून ठेवल्या. साडेआठला शाळेचा शिपाई काही कामाने खाली आला, त्याने सांगितलं की बाई आठला पाच कमी असतानाच वर्गात होत्या. दादा मान हलवून आत गेला. पण त्याचं काम तिथे संपत नव्हतं, यायचं बाकी होतं.

शाळा पाचला सुटते. उतरून यायला पस्तीस मिनिटं, गप्पा धरून पन्नास. सहा वाजले. दादा दुकानाच्या पायरीवर बसला होता. मी म्हटलं, "जाऊन बघू?" "जायचं नाही," तो म्हणाला. "गेलो तर तिने आजवर केलेलं सगळं पाण्यात." सव्वासहा झाले. त्याने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. "कुठेतरी बसली असेल रस्त्यात," तो पुटपुटला, "माझंच काहीतरी चुकलं." साडेसहाला त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता.

पावणेसातला त्या कोपऱ्यावरून वळल्या. ऊन समोरून त्यांच्या अंगावर होतं, पदर वाऱ्यावर, तोंडावर धूळ, आणि त्या स्वतःशीच हसत होत्या. सात वर्षं मी रोज वहिनींना घेऊन त्या रस्त्याने आलो होतो, पण मला दिसायचा तो त्यांचा अंबाडा. त्या रस्त्यावरून येताना त्यांचा चेहरा कसा असतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"कुठे होतीस?" दादा ओरडलाच.

"तळ्यावर."

"तळ्यावर? कशाला?"

"कशाला नाही. रस्ता दिसला, वळले."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर कशाला हवं?" वहिनी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "अहो, सात वर्षांत मला कधी उशीरच झाला नाही. भावोजींचं दुकान असायचं, गिऱ्हाइकं थांबलेली असायची, मी आपली मुकाट्याने वेळेवर. आज मला उशीर करता आला."

बॅटरी किती उरली, हेसुद्धा दादाने विचारलं नाही. तो पुन्हा पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला, भर रस्त्यावर, येणारेजाणारे बघत असताना. वहिनींनी खुर्ची त्याच्या शेजारी आणली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून तशाच थांबल्या. मग म्हणाल्या, "चला आता, भूक लागलीय मला."

मी सवयीने खुर्चीच्या मागे गेलो आणि दांडे धरायला हात पुढे केले. वहिनी तोवर फळीवरून आत निघून गेल्या होत्या.